आरोपीचे वकीलपत्र कोणीही घेऊ नये, असा ठराव वकील संघ करू शकतो का?

माळरान (प्रश्न)

आमच्या तालुक्याच्या गावी गेल्या महिन्यात एका शाळकरी मुलीची हत्या झाली. दुसऱ्या दिवशी निघालेल्या मोर्चात मीही होते आणि आरोपीचे वकीलपत्र कोणीही स्वीकारू नये, अशा वकील संघाला दिलेल्या निवेदनावर माझीही सही आहे. संघाने त्याच संध्याकाळी तसा ठराव केला.

रिमांडच्या दिवशी मी न्यायालयात गेले होते. पुकारा झाल्यावर पोलिसांनी आरोपीला पुढे आणले. पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का, असे न्यायाधीशांनी विचारले, तेव्हा त्याने नकारार्थी मान हलवली. वकील दिला आहे का, असे विचारल्यावर मात्र त्याने मागे वळून पाहिले. मागे दहा-बारा वकील उभे होते. कोणीही पुढे आले नाही. हेच व्हावे म्हणून मी सही केली होती, तरीही ते दृश्य मनातून जात नाही. असा ठराव कायद्याला धरून आहे का? आणि आरोपीला वकीलच मिळाला नाही, तर उद्या त्या मुलीचा खटला टिकेल का? जाणकारांनी कृपया सांगावे.

कोर्टगल्ली

मी गेली बावीस वर्षे फौजदारी वकिली करतो, त्यामुळे आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर निःसंदिग्धपणे देऊ शकतो. असा ठराव कायद्याच्या दृष्टीने शून्यवत आहे. कोइंबतूरच्या वकील संघटनेने काही पोलिसांची बाजू न मांडण्याचा ठराव केला होता. त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2010 साली असे सर्वच ठराव संविधानाच्या, कायद्याच्या आणि वकिलीच्या आचारसंहितेच्या विरुद्ध असल्याने रद्दबातल ठरतात, असे स्पष्ट सांगितले. आपल्या पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेण्याचा आणि त्याच्यामार्फत बचाव करण्याचा अधिकार अनुच्छेद 22(1) अटक झालेल्या प्रत्येकाला देतो. आरोपी दोषी आहे की नाही याविषयी वकिलाचे वैयक्तिक मत काहीही असले, तरी त्याने बचाव केला पाहिजे, हे बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांतच लिहिलेले आहे.

दुसरा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. खुद्द कसाबच्या अपिलात, 2012 साली, सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की आरोपीला प्रथम हजर केले जाते त्याच वेळी, वकील मिळण्याचा आणि तो परवडत नसल्यास सरकारी खर्चाने मिळण्याचा हक्क त्याला समजावून सांगणे, हे दंडाधिकाऱ्यांचे कर्तव्य आहे. आरोपीने स्वेच्छेने वकील नाकारला नसेल आणि प्रत्यक्ष खटला वकिलाविना चालला असेल, तर तो खटलाच दूषित ठरतो. म्हणजे आज वकील मिळू न देणाऱ्यांनी उद्याच्या अपिलाचा मुद्दा आजच तयार करून ठेवलेला असतो.

उंबरठा

मी अशाच एका प्रकरणातील मृत मुलीचा काका आहे, म्हणून लिहितो. आमच्या घरात तीन वर्षे दिवाळी झालेली नाही. आरोपीचे वकील तारखा मागतात, साक्षीदारांना उलटतपासणीत रडवतात आणि आम्ही मागच्या बाकावर बसून ते पाहतो. ज्यांच्यावर ही वेळ आलेली नाही, त्यांनी आरोपीच्या हक्कांविषयी लिहिणे सोपे आहे. सगळ्या गावाला ठाऊक असलेल्या गोष्टीसाठी बचाव कशाला हवा, हा आमचा प्रश्न आहे.

कोर्टगल्ली

उंबरठा, आपल्या दुःखापुढे मी कोणताही युक्तिवाद मांडू इच्छित नाही. तारखांविषयीची आपली तक्रार रास्त आहे आणि त्या ओढाताणीत आम्हा वकिलांचाही दोष आहे, हे मी मान्य करतो. मात्र 'सगळ्या गावाला ठाऊक आहे' या वाक्यापाशी मला थांबावे लागते.

मध्य प्रदेशातील खंडव्याला 2013 साली एका लहान मुलीवर अत्याचार करून तिची हत्या झाली. आरोपीला वकील दिला गेला तो 19 फेब्रुवारीला, त्याच दिवशी दोषारोप ठेवले गेले आणि 4 मार्चला फाशीची शिक्षा झाली. अवघे तेरा दिवस! वकिलाला कागदपत्रे वाचायलाही उसंत मिळाली नाही, म्हणून सर्वोच्च न्यायालयाने 2019 साली ती शिक्षा रद्द करून खटला नव्याने चालवण्यास सांगितले आणि फाशी किंवा जन्मठेपेच्या प्रकरणांत न्यायालयाने नेमलेल्या वकिलाला किमान दहा वर्षांचा अनुभव असावा व तयारीला साधारणपणे किमान सात दिवस मिळावेत, असे घालून दिले. पुढे 2024 साली तो माणूस निर्दोष सुटला. अकरा वर्षे त्याची गेली, आणि त्या मुलीच्या आईवडिलांच्या हाती काय आले?

आपल्या राज्यातील उदाहरणही आहे. 2003 सालच्या एका खून व बलात्काराच्या गुन्ह्यात भटक्या जमातीतील सहाही जणांना 2009 साली सर्वोच्च न्यायालयाने फाशीची शिक्षा दिली होती. जिवंत राहिलेल्या महिलेने पोलिसांच्या अल्बममधील छायाचित्रांवरून दुसऱ्याच चौघांना ओळखले होते. त्या चौघांचा तपासच झाला नाही. 2019 साली त्याच न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष सोडले आणि प्रत्येकाला पाच लाख रुपये भरपाई देण्यास सांगितले.

याउलट 26/11 चा खटला पाहावा. कसाबसाठी प्रथम नेमलेल्या वकील महिलेच्या घरावर मोर्चा गेला होता, तरी न्यायालयाने त्याला शेवटपर्यंत वकील दिला. त्याची फाशी तिन्ही न्यायालयांत टिकली. त्याच खटल्यातील दोन भारतीय सहआरोपी मात्र सुटले. त्यांनी पुरवल्याचा आरोप असलेला नकाशा मृत दहशतवाद्याच्या खिशात सापडल्याचे सांगितले गेले. त्याची पँट रक्ताने भिजलेली असताना नकाशावर रक्ताचा डाग नव्हता. अशा गोष्टी हेरण्यासाठी समोरच्या बाजूला कोणीतरी बसलेले असावे लागते.

पायवाट

मी विधी सेवा समितीची स्वयंसेविका आहे. माळरान, कोठडीतील व्यक्तीला उत्पन्नाची कोणतीही अट न लावता मोफत वकील मिळतो. जिल्हा न्यायालयातील लोक अभिरक्षक कार्यालय हे काम करते आणि कारागृहातून किंवा 15100 या क्रमांकावरून नातेवाइकांनाही मागणी करता येते. उंबरठा, आपल्यासाठीही एक तरतूद आहे: सरकारी वकिलांना साहाय्य करण्यासाठी न्यायालयाच्या परवानगीने पीडिताच्या कुटुंबाला स्वतःचा वकील देता येतो. आपण तसा अर्ज केलेला आहे का?

उंबरठा

नाही. हे आम्हाला तीन वर्षांत कोणीच सांगितले नव्हते. पुढची तारीख सोळाची आहे. त्याआधी अर्ज कोठे द्यायचा, ते कृपया कळवावे.

माळरान

सर्वांचे आभार. निवेदनावरील माझी सही मागे घेत असल्याचे पत्र मी आज वकील संघाच्या अध्यक्षांना दिले.