आयटीआयनंतर वेल्डरची शिकाऊ उमेदवारी आणि ६जी चाचणी

प्रश्न:
माझ्या धाकट्या भावाने आयटीआयचा वेल्डर हा एक वर्षाचा ट्रेड यंदा पूर्ण केला असून, चाकण परिसरातील एका कारखान्यात शिकाऊ उमेदवार म्हणून त्याची निवड झाली आहे. उमेदवारीनंतर मिळणारे प्रमाणपत्र पाइप वेल्डिंगच्या कामासाठी पुरेसे ठरते का?

उत्तर १:
शिकाऊ उमेदवार अधिनियम, १९६१ खाली मुदत पूर्ण करून परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर मिळणारे राष्ट्रीय प्रमाणपत्र मोलाचे आहेच. परंतु तेलशुद्धीकरण प्रकल्पात किंवा बॉयलरच्या कामावर वेल्डरची स्वतंत्र चाचणी घेतली जाते. त्यांपैकी पाइप वेल्डिंगच्या ६जी चाचणीत पाइप ४५ अंशांत कललेला आणि पक्का बसवलेला असतो, त्यामुळे तो न फिरवता वेल्डरला खालून, बाजूने आणि वरून जोड भरावा लागतो. नंतर जोडाचा एक्स-रे काढतात किंवा त्याच्या पट्ट्या कापून, वाकवून पाहतात.

उत्तर २:
त्याने रूट रनवर, म्हणजे जोडाच्या मुळाशी भरल्या जाणाऱ्या पहिल्या थरावर, सर्वाधिक मेहनत घ्यावी, असे मला कळकळीने सांगावेसे वाटते, कारण मुळाशी धातू नीट वितळला नाही, तर वरचा थर कितीही देखणा असला तरी जोड नापास होतो. ७०१८ इलेक्ट्रोड (वेल्डिंगच्या एका प्रकारच्या कांड्या) त्या कोरड्या ठेवणाऱ्या ओव्हनमधून काढून उघड्यावर ठेवू नयेत; त्यांनी ओल धरली की जोडात हायड्रोजन शिरून तडे जाण्याचा धोका वाढतो.

उत्तर ३:
एएसएमई या अमेरिकी अभियंता संस्थेच्या संहितेतील वेल्डिंग पात्रतेच्या सेक्शन ९ नुसार वेल्डिंगच्या एखाद्या प्रक्रियेने सलग ६ महिने वेल्डिंग केले नाही, तर त्या प्रक्रियेची पात्रता संपते. त्यामुळे कामाच्या नोंदी त्याने पहिल्यापासून जपून ठेवाव्यात.