कोजागिरी कराओके: ट्रॅकची पट्टी कळवा (आणि नानांची तक्रार)

प्रेषक: सांस्कृतिक समिती

नमस्कार मंडळी,

कोजागिरीच्या कराओकेसाठी आत्तापर्यंत २३ नावं आलीत, वेळ आहे अडीच तास आणि त्यातच भेळ आणि मसाला दूध पण आहे, म्हणजे माणशी एकच गाणं, प्लीज आग्रह करू नका. ट्रॅकची, म्हणजे गाण्यामागच्या साथीची, फाईल पाठवा, यूट्यूबची लिंक नको, हॉलचं वायफाय गेल्या वर्षी दोनदा गेलं आणि ऐन अंतऱ्यात पडद्यावर चाक फिरत बसलं होतं. पट्टी (गाण्याची उंची) बदलून हवी असेल तर किती ते रविवारपर्यंत लिहून कळवा. स्टेजवरून हातानं "खाली, खाली" अशा खुणा करू नका, साउंडवाल्याला वाटतं आवाज कमी करायचाय.

प्रेषक: नाना (मिसिसागा)

पट्टीचा विषय निघालाच आहे तर बोलतो. गेल्या वर्षी मी लताबाईंचं गाणं घेतलं होतं, तेव्हा कोणीतरी परस्पर ठरवलं की नाना पुरुष आहेत म्हणजे ट्रॅक खाली पाहिजे आणि मायनस ४ करून ठेवलं. मला सांगितलं सुद्धा नाही. मी माइक घेतला, मुखडा सुरू केला, तर आवाज पार पोटात. अंतऱ्याला वर उडी मारली तर तिथे शिरा ताणल्या. मुखडा तळघरात आणि अंतरा गच्चीवर! पुढच्या रांगेत आमची नातवंडं हसत होती ती मी पाहिलीत. मी चाळीस वर्षं पेटीवर गातोय, पेटीवाल्याला "काळी एक" (पहिल्या काळ्या पट्टीवर सा) म्हटलं की विषय संपायचा, इथे हे प्लस मायनस काय आहे ते एकदा नीट सांगा, नाहीतर यंदा मी प्रेक्षकात बसतो.

प्रेषक: बंटी (साउंड टेबल)

नाना, सॉरी, ते मायनस ४ मीच केलं होतं, म्हणजे मला तसं सांगितलं होतं पण बटण मीच दाबलं. या वर्षी मी बसून नीट हिशेब केला आणि तुमची पेटी डोळ्यांसमोर आणूनच सांगतो, कारण प्लस मायनस म्हणजे दुसरं काही नाही, पेटीवर शेजारच्या पट्टीवर सरकणं. पाच काळ्या, सात पांढऱ्या, अशा सगळ्या धरून १२ पट्ट्या झाल्या की पुन्हा तोच सा येतो, म्हणजे एक सप्तक झालं. प्लस १ म्हणजे एक पट्टी उजवीकडे, मायनस १ म्हणजे एक डावीकडे, बस.

आता तुमचं गाणं. मूळ ट्रॅकचा सा काळी चार. बायका साधारण तिथेच गातात, काळी चार, काळी पाच. तुमचा सा काळी एक. आपल्याला वाटतं बाईचा आवाज उंच, पुरुषाचा खालचा, म्हणून ट्रॅक खाली न्या. पण तुम्ही लताबाईंच्या सप्तकात गातच नाही ना, तुम्ही आपोआप एक सप्तक खाली गाता! म्हणजे ट्रॅकला हात न लावताच तुमचा सा काळी चारवर पण खालच्या सप्तकात गेला, तुमच्या हक्काच्या काळी एकच्या पाच पट्ट्या खाली. त्यावर मी अजून चार खाली नेलं. तळघर तिथूनच आलं.

करायला पाहिजे होतं उलटं. काळी चारपासून उजवीकडे मोजा: पांढरी सहा, काळी पाच, पांढरी सात, पांढरी एक, काळी एक. झाले पाच. डावीकडून काळी एकला यायचं तर सात पट्ट्या लागतात. पाच आणि सात बारा. म्हणजे पुरुषानं बाईचं गाणं घेतलं तर बहुतेक वेळा ट्रॅक वर जातो. बाईनं पुरुषाचं घेतलं तर ती सप्तक वर गाते आणि ट्रॅक खाली येतो. मला स्वतःला हे कळायला वर्ष लागलं, आणि तुमची नातवंडं हसली तेव्हा मी टेबलाखाली वायर शोधत होतो.

पण प्लस ५ लगेच लिहून घेऊ नका. आधी गाण्याचा सगळ्यात वरचा आणि सगळ्यात खालचा सूर शोधा. सगळेजण मुखडा गाऊन बघतात आणि "बसतंय" म्हणतात, मुखडा तर सगळ्यांनाच बसतो, खरी परीक्षा दुसऱ्या अंतऱ्यात. तुमचं गाणं मंद्र नीपासून (सा च्या खालचा नी) तार मपर्यंत (वरच्या सप्तकातला म) जातं, म्हणजे दीड सप्तक. काळी एकचा सा धरला तर तो तार म तुम्हाला दोन अंतरे गाऊन दमल्यावर पण लागला पाहिजे, सकाळी अंघोळीच्या वेळी लागून उपयोग नाही.

प्रेषक: माई (ब्रॅम्प्टन)

बंटी, छान समजावलंस रे. माझं उलटं आहे. मी बाबूजींचं (सुधीर फडक्यांचं) गाणं घेतलंय, मूळ सा काळी एक. पूर्वी मी काळी पाचमध्ये गायचे, आता वय झालं, काळी चार पण हिवाळ्यात जड जाते, इथल्या कॅनडातल्या हीटिंगनं घसा नुसता कोरडा. म्हणून पांढरी पाच धरली तर तुझ्या हिशेबानं मायनस ६ होतात. मुलानं ते लॅपटॉपवर ऑडॅसिटी नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये करून दिलं. आवाजाला मस्त बसतंय, पण तबला ऐकवत नाही. तबला नाहीच तो, कोणीतरी पिठाचा डबा बडवतंय असं वाटतं. आणि मधे कोरस आहे त्यात बायका पुरुषांसारख्या गातात, भूत आल्यासारख्या. माझं काही चुकतंय का?

प्रेषक: बंटी (साउंड टेबल)

माई, तुमचं काही चुकत नाहीये, जरा जास्त ओढलंय इतकंच. पूर्वी कॅसेटचा सेल उतरला की गाणं जाड आणि हळू दोन्ही व्हायचं ना, तसं वेग कमी करून पट्टी उतरवली तर एका पट्टीला वेग जवळजवळ ६ टक्के बदलतो, सहा पट्ट्यांत गाणं रांगायला लागेल. सॉफ्टवेअर वेग तोच ठेवतं आणि फक्त सूर सरकवतं, आवाजाचे बारीक तुकडे करून परत जोडतं म्हणा. सतारीला, व्हायोलिनला ते चालून जातं पण तबल्याची थाप म्हणजे क्षणात येऊन गेलेला आवाज, तो तुकड्यांत फाटतो, आणि माणसाच्या आवाजाची तर जात पण सरकते, म्हणून ते भूत. दोन तीन पट्ट्यांपर्यंत कोणाला कळत नाही, चारला जाणकाराला कळतं, सहाला सगळ्यांना.

अजून एक, मुलाला विचारा, आधी मायनस ४ करून सेव्ह केलं आणि मग त्याच फाईलवर अजून मायनस २ केलं का? बरेच जण असं करतात. दर वेळी मूळ फाईल उघडायची आणि एकदाच काय ते करायचं, नाहीतर झेरॉक्सची झेरॉक्स होते. आणि मिडी ट्रॅक मिळाला तर सोन्याहून पिवळं, त्यात आवाज नसतोच, फक्त कुठला सूर कधी वाजवायचा ते लिहिलेलं असतं, म्हणून सहा काय आठ पट्ट्या सरकवा, काही फाटत नाही. वाद्यं मात्र खेळण्यातली वाटतात, ते सहन करायचं.

प्रेषक: पंत (तबला)

पिठाचा डबा वाचून पोट धरून हसलो. माई, ट्रॅक सोडा. मी तबला घेऊन येतो, पेटीला कोणीतरी उभं राहील, पांढरी पाचमध्ये बाबूजींचं गाणं आपण जिवंत करू. फक्त शनिवारी सांगून रविवारी गायचं असं करू नका, पांढरी पाचचा दायां (उजव्या हाताचा तबला) मला घरी शोधायला लागेल, काळी एकचाच नेहमी गाडीत असतो. काळी एकचा दायां हातोडीनं ठोकून ठोकून फार तर एखाद पट्टी खाली उतरेल, त्यापुढे गट्टे (तबल्याच्या बाजूचे लाकडी ठोकळे) ढिले होतात आणि आवाज मरतो.

बंटीला एक तक्रार. तू पट्ट्या मोजतोस ते ठीक पण जुन्या ट्रॅकचा सूर बऱ्याचदा दोन पट्ट्यांच्या मधे असतो. रेकॉर्डिंगचा टेप जरा वेगात फिरला असेल, नाहीतर त्या दिवशी सगळ्यांनी तसंच मिळवलं असेल, कारण काही असो. गेल्या गणपतीत ट्रॅकबरोबर मी तबला वाजवला आणि सगळं गाणं पाव पट्टी बेसूर, लोकांना वाटलं तबलजी बहिरा. पेटीला तर कान पिळताच येत नाहीत. तेव्हा ट्रॅकबरोबर कोणी खरं वाद्य वाजवणार असेल तर आधी ट्रॅक पेटीला मिळवून दे.

प्रेषक: बंटी (साउंड टेबल)

पंत, मान्य. एका पट्टीचे १०० सेंट धरतात, पेटीचा सा धरून ऐकायचं आणि ३०-४० सेंट इकडे तिकडे करायचं, ऑडॅसिटीत पूर्ण आकडाच पाहिजे असं नाही, ०.३ पण चालतं. ज्यांच्याबरोबर पंत वाजवणार त्यांच्या फाईल मी स्वतः मिळवीन.

प्रेषक: ओकव्हिलच्या वहिनी

आम्हा दोघांचं काय? आमचं द्वंद्वगीत आहे. यांना वरचं झेपत नाही म्हणून मायनस २ केलं तर माझी ओळ इतकी खाली गेली की मी पुटपुटतेय असं वाटतं. यांचं म्हणणं, "जरा जोर लाव". जोर लावून सूर खाली जात नाही हे कोणीतरी यांना सांगा.

बाकी या चर्चेवरून आठवलं, कराओके म्हणजे जपानीत रिकामा ऑर्केस्ट्रा. कोबे शहरात दाइसुके इनोउए नावाचा एक वादक होता, बारमध्ये गिऱ्हाइकांच्या गाण्याला साथ करायचा. त्याच्या एका कंपनीवाल्या गिऱ्हाइकाला सहलीला जाऊन गायचं होतं, इनोउएला जमणार नव्हतं म्हणून त्यानं त्या माणसाच्या गळ्याला झेपेल अशी साथ टेपवर भरून दिली. त्यातूनच १९७१ मध्ये त्याचं नाणं टाकून चालणारं मशीन आलं. पेटंट मात्र घेतलंच नाही बिचाऱ्यानं. म्हणजे त्याचा पहिला ट्रॅकच गाणाऱ्याच्या गळ्याला मापून शिवलेला होता, आणि आपण रेडिमेड शर्टात घुसायला बघतोय.

प्रेषक: बंटी (साउंड टेबल)

वहिनी, द्वंद्वगीताला खरंच सोपा उपाय नाही. सा दोघांचा एकच, संगीतकारानं पुरुषाला वर चढवलेलं आणि बाईला खाली उतरवलेलं असतं म्हणून तर ते जमतं. एकाला आराम दिला की दुसऱ्याला त्रास. मायनस १ करून बघा, आणि दादांची जी ओळ वर जाते ती तुम्ही घ्या, तुमची खालची त्यांना द्या. शब्दांत "मी गेलो" "मी गेले" होईल तेवढं सांभाळा. काही जण मधल्या म्युझिकमध्ये ट्रॅक कापून दोन वेगळ्या पट्ट्या जोडतात, मी तसं एकदा केलंय, गाडी खड्ड्यात गेल्यासारखा धक्का बसतो, मी नाही करणार.

प्रेषक: नाना (मिसिसागा)

काल बंटीच्या बेसमेंटमध्ये जाऊन आलो. पोरानं तीन फाईल करून ठेवल्या होत्या, ५, ४ आणि ३. प्लस ५ ला मुखडा असा काही रंगला की मी म्हटलं झालं, हेच. बंटी म्हणाला थांबा नाना, पूर्ण गाऊन दाखवा. दुसऱ्या अंतऱ्याच्या तार 'म'ला मान वर, डोळे मिटलेले, आणि आवाज निघाला तो कोंबड्याचा. बंटीची आई वरून विचारायला आली काय झालं म्हणून. प्लस ४ ला सूर लागला पण धरवत नव्हता. प्लस ३ ला, म्हणजे सा पांढरी सातवर, तो म मी दोन मात्रा धरला आणि वर जरा गळ्याची हरकत पण घेतली. खालचा नी थोडा घरघरतो, तिथे माइक जवळ घेणार. काळी एक सोडायची म्हणजे जिवावर आलं होतं, तिशीत तर मी काळी दोनमध्ये गायचो, पण असो.

तर समितीनं माझं प्लस ३ लिहून घ्यावं. गेल्या वर्षीची मायनस ४ ची फाईल लॅपटॉपवर अजून आहे, ती माझ्यासमोर डिलीट करावी. आणि मसाला दूध माझं गाणं झाल्यावर वाटा, आधी प्यायलो की घशावर साय धरते.