१ ते ८ नोव्हेंबर: मृतांसाठी दंडमाफी मागताना पापनिवेदन रोज करायचं का?

निर्मळकर:
या आठ दिवसांत दफनभूमीत जाऊन प्रार्थना केली की शुद्धिस्थानातल्या (मृत्यूनंतर स्वर्गाआधी शुद्ध होण्याच्या अवस्थेतल्या) आत्म्यासाठी पूर्ण दंडमाफी, म्हणजे क्षमा झालेल्या पापांच्या उरलेल्या शासनातून पूर्ण सूट, मिळते, अशी कॅथलिक शिकवण आहे. आठही दिवस जायचं तर पापनिवेदन (धर्मगुरूपुढे पापांची कबुली) रोज करावं लागतं का? आईवडील दोघांसाठी एकाच दिवशी मागता येते का?

धर्मशिक्षक:
पापनिवेदन रोज नको. एकच अनेक दंडमाफ्यांना पुरतं आणि साधारण वीस दिवस आधी किंवा नंतर झालं तरी चालतं. कम्युनियन (ख्रिस्तप्रसाद घेणं) आणि पोपच्या हेतूंसाठीची प्रार्थना मात्र दर वेळी वेगळी. प्रार्थनेला एक ‘हे आमच्या स्वर्गातील बापा’ आणि एक ‘नमो मरिया’ पुरे. म्हणजे आठ दिवसांसाठी आठ कम्युनियन. बहुतेकांचं इथेच चुकतं.

पूर्ण दंडमाफी दिवसाला एकच. आज आईसाठी, उद्या वडिलांसाठी.

खरी अवघड अट वेगळीच आहे: कोणत्याही पापाची, अगदी क्षुल्लक पापाचीही, ओढ मनात नको. भावकीतलं वैर जपून ठेवून बाकी सगळं केलं, तर माफी आंशिकच राहते.

दफनभूमी गाठणं शक्य नसेल तर २ नोव्हेंबरला, म्हणजे सर्व मृतांच्या स्मरणदिनी, चर्चमध्ये जाऊन ‘हे आमच्या स्वर्गातील बापा’ आणि विश्वासांगिकार (श्रद्धेची ठरलेली कबुली) म्हणावा. बाकी अटी त्याच. कोविडमुळे २०२० आणि २०२१ मध्ये मुदत पूर्ण नोव्हेंबरभर वाढवली होती, ती खास सवलत होती. एरवी ८ तारखेनंतर दफनभूमीतल्या प्रार्थनेला आंशिक दंडमाफी आहे.

नगरचा वाचक:
प्रोटेस्टंट मंडळ्या हे मानत नाहीत, तेही इथे यायला हवं. कॅथलिकांचा मोठा आधार दुसऱ्या मक्काबी पुस्तकाचा १२वा अध्याय. त्यात ज्यू सेनानी यहूदा मक्काबी लढाईत पडलेल्यांच्या पापांसाठी अर्पण करायला यरुशलेमला चांदी पाठवतो. आमच्या पवित्र शास्त्रात ते पुस्तकच नाही. चर्च ऑफ इंग्लंडच्या ३९ श्रद्धाकलमांतलं २२वं कलम शुद्धिस्थान साफ नाकारतं. इब्री ९:२७ प्रमाणे मरण एकदाच आणि मग न्याय. वधस्तंभावरच्या चोराला येशूने ‘आज’च सुखलोकाचं वचन दिलं, मधला टप्पा सांगितला नाही.

धर्मशिक्षक:
इब्री ९:२७ आम्हीही मानतो. मृत्यूनंतर लगेच प्रत्येकाचा व्यक्तिगत न्याय, आणि पुनरुत्थानाच्या वेळी शेवटचा. पोप जॉन बाविसावे यांनी प्रवचनांत म्हटलं होतं की शेवटच्या न्यायापर्यंत संतांनाही देवाचं पूर्ण दर्शन नाही. त्यावरून मोठा वाद झाला. १३३६ मध्ये बेनेडिक्ट बारावे यांनी निर्णय दिला: शुद्ध झालेल्या आत्म्याला थांबावं लागत नाही.

शुद्धिस्थान ही दुसरी संधी नव्हे. तिथला प्रत्येक आत्मा तारण पावलेलाच असतो. दंडमाफीने पाप पुसलं जात नाही. क्षमा झालेल्या पापाचं उरलेलं शासन तेवढं कमी होतं. मृतासाठी तीही विनंती म्हणूनच देवापुढे ठेवायची असते, चर्चचा हुकूम तिथे चालत नाही.

निर्मळकर:
२ तारखेला तीन मिस्सा (ख्रिस्तयागाच्या उपासना) असूनही आपल्या माणसाच्या नावाची मिस्सा का मिळत नाही?

धर्मशिक्षक:
१९१५ पासून त्या दिवशी प्रत्येक धर्मगुरूला तीन मिस्सा अर्पण करता येतात, पण देणगी घेऊन कुणाच्या हेतूने अर्पण करायची मुभा एकाच मिस्साला आहे. दुसरी सर्व मृतांसाठी, तिसरी पोपच्या हेतूंसाठी. त्यामुळे नावाची मिस्सा हवी असेल तर ऑक्टोबरमध्येच पॅरिश ऑफिसात सांगावं, नाहीतर महिन्यातला दुसरा दिवस घ्यावा.