टूर्नामेंट पोकर: बक्षिसाचा आकडा म्हणजे कमाई नव्हे

चौकटराजा:
'अमक्याने पोकरमध्ये इतके कोटी कमावले' हे वाचलं की मी आधी विचारतो, प्रवेश फीत किती गेले? जाहीर होतो तो फक्त बक्षिसांचा आकडा. दहा हजार डॉलर फीच्या दहा स्पर्धा खेळलात आणि दोनदा वीस-वीस हजार मिळाले, तर नावापुढे चाळीस हजारांची 'कमाई' लागते. प्रत्यक्षात साठ हजार बुडालेले असतात. विमान-हॉटेल वेगळंच. त्यात मोठ्या स्पर्धांना बरेच जण फीचे पैसे जमवायला संभाव्य बक्षिसातला हिस्सा आधीच दुसऱ्यांना विकून बसतात. २००३ मध्ये ख्रिस मनीमेकरने लास वेगासच्या 'वर्ल्ड सिरीज ऑफ पोकर' या स्पर्धामालिकेतली मुख्य स्पर्धा जिंकली, बक्षीस २५ लाख डॉलर. पण त्यातला हिस्सा त्याने वडिलांना आणि मित्राला आधीच विकला होता. पोरांनी या आकड्यांना भुलून नोकरी सोडू नये.

बदामसत्ती:
पूर्ण असहमत. फी हे भांडवल आहे, धंद्यात ते घालावंच लागतं. फिल हेलमुथने १९८९ मध्ये जॉनी चॅनला हरवून हीच स्पर्धा जिंकली आणि २०२३ मध्ये सतरावं ब्रेसलेट (या मालिकेतली स्पर्धा जिंकणाऱ्याला मिळणारं कडं) घेतलं. ३४ वर्षं नुसतं नशीब साथ देत नाही. आपल्याकडचं बघा: बंगळुरूच्या संतोष सुवर्णा यांनी २०२४ मध्ये अडीच लाख डॉलर फीची स्पर्धा जिंकून ५४ लाखांवर डॉलर मिळवले. समोर जगातले सर्वोत्तम खेळाडू होते.

चौकटराजा:
कौशल्य नाही असं मी कुठे म्हटलं? पण बक्षीस मिळतं शंभरातल्या पंधराएक जणांना, आणि मोठी रक्कम पहिल्या दोन-चार जागांवरच. चांगला खेळाडूही वर्षभर तोट्यात राहू शकतो. घराचा हप्ता तेवढा थांबत नाही.

हिशेबनीस:
कराचं कुणीच बोललं नाही. आपल्याकडे अशा जिंकलेल्या रकमेवर सरसकट ३० टक्के कर, वर अधिभार आणि उपकर. हरलेल्या स्पर्धांचा तोटा त्यातून वजा होत नाही. म्हणजे वर्षअखेर एकूण तोटा असला तरी जिंकलेल्या दोन बक्षिसांवर कर भरायचाच. अमेरिकेतही २०२६ पासून तोट्याची ९० टक्केच वजावट मिळते. बदामसत्ती, भांडवल म्हणता ना, मग कुठल्या धंद्यात असं होतं?

मांडवीकाठ:
पणजीहून लिहितोय. मनीमेकर ८६ डॉलरच्या ऑनलाइन सॅटेलाइटमधून, म्हणजे मोठ्या स्पर्धेचा प्रवेश हेच बक्षीस असलेल्या छोट्या पात्रता स्पर्धेतून, वेगासला पोहोचला. आपल्याकडे ती वाटच ऑगस्ट २०२५ च्या कायद्याने बंद झाली. कौशल्याचा खेळ असला तरी ऑनलाइन पैसे लावून खेळवता येत नाही. उरले इथले कॅसिनो. २०२० पासून आम्हा गोवेकरांना तिथेही खेळायला बंदी. बाहेरच्याने प्रवास, राहणं, फी सगळं खिशातून करायचं. थोड्या पैशात शिकण्याची जागाच राहिली नाही. आता हे करिअर फक्त पैसेवाल्या घरच्या मुलांचं, आणि याचा मला राग येतो.

बदामसत्ती:
हा राग माझाही आहे. पण मग दोष कायद्याचा आणि करपद्धतीचा, खेळाचा नाही. तोटा वजा करू द्या, मग बघू किती जण टिकतात.

चौकटराजा:
बदल होईल तेव्हा होईल. आज ज्याला राजीनामा द्यायचाय त्याने आधी गेल्या दोन वर्षांतल्या प्रत्येक स्पर्धेची फी, प्रवास आणि कर लिहून घरच्यांना दाखवावा. तेवढी वही ज्याच्याकडे आहे त्याच्याशीच मी पुढे वाद घालेन.