दिनविशेषाच्या रोजच्या प्रश्नासाठी तारीख कोणती धरावी आणि प्रश्न कसा घडवावा?

सीताबर्डीकर (मूळ प्रश्न)

नागपूरच्या धरमपेठेतील आमच्या वाचनालयाच्या दाराशी एक फळा आहे. त्यावर रोज सकाळी दिनविशेषावर आधारलेला एक प्रश्न लिहायचा आणि संध्याकाळी अभ्यासिकेतील मुले चहासाठी बाहेर पडतात त्या सुमारास त्याखाली उत्तर लिहायचे, असा प्रघात आहे. उत्तरे चिठ्ठीवर नाव घालून खोक्यात टाकायची आणि महिनाअखेर सर्वाधिक अचूक उत्तरे देणाऱ्यास एक पुस्तक द्यायचे, एवढाच त्याचा पसारा. हे काम आता माझ्याकडे आले असून दोन बाबतींत जाणकारांचा सल्ला हवा आहे.

पहिली बाब प्रश्नाच्या स्वरूपाची. ‘आज कोणाची जयंती आहे?’ किंवा ‘अमुक घटना कोणत्या साली घडली?’ असे विचारले, तर फळ्यासमोर उभ्या उभ्याच मोबाइलवर उत्तर सापडते आणि खोक्यातल्या सगळ्या चिठ्ठ्या एकसारख्या निघतात. उलट फार आडवळणाचे काही विचारले, तर खोके रिकामे राहते.

दुसरी बाब अधिक नाजूक आहे. शिवराज्याभिषेकाचा प्रश्न ६ जूनला लिहावा की ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीला, यावरून वाचनालयात दोन तट पडले आहेत, आणि एका सभासदांचे म्हणणे असे की आजच्या कालगणनेने ती तारीख १६ जून ठरते, त्यामुळे दोन्ही पक्ष चुकतात. धम्मचक्र प्रवर्तन दिनाचेही तसेच आहे. दीक्षाभूमीवर जनसागर लोटतो तो दसऱ्याला, पण पुस्तकांत तारीख छापलेली असते १४ ऑक्टोबर. रोज एकच प्रश्न लिहिणाऱ्याने यांतला कोणता दिवस धरावा?

पंचांगप्रेमी, महाल

तुमच्या सभासदांचे गणित बरोबर आहे, त्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र बरोबर नाही. पोप तेरावे ग्रेगरी यांनी १५८२ मध्ये कालगणना सुधारली, तेव्हा ४ ऑक्टोबरनंतरचा दिवस १५ ऑक्टोबर मानला गेला. पोर्तुगाल आणि स्पेन यांनी ती सुधारणा लगेच स्वीकारली. इंग्लंडने मात्र ती १७५२ पर्यंत लांबवली आणि त्या वर्षी २ सप्टेंबरनंतर एकदम १४ सप्टेंबर आणला. रायगडावर राज्याभिषेकाला हजर असलेला इंग्रज वकील (म्हणजे दूत) हेन्री ऑक्झेंडन जुन्या, म्हणजे ज्युलियन गणनेने दिवस मोजत होता, म्हणून आपल्याकडे ६ जून १६७४ ही तारीख रूढ झाली. त्याच दिवशी गोव्यातील पोर्तुगीज कारकुनाने पत्र लिहिले असते, तर त्यावर १६ जून पडला असता. दिवस एकच, ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी, शके १५९६. म्हणजे भांडण्यासारखे यात काहीच नाही. छापील परंपरेप्रमाणे ६ जूनला प्रश्न लिहावा आणि उत्तरात तिथी व शक यांचा उल्लेख करावा.

शिवजयंतीच्या बाबतीत आणखी एक पदर आहे. १९ फेब्रुवारी १६३०, फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१, ही नोंदही ज्युलियनच आहे आणि ग्रेगोरियन गणनेने ती १ मार्च १६३० येते. त्यातच १७५२ पूर्वी इंग्लंडमध्ये कायदेशीर वर्षारंभ २५ मार्चला होत असे. त्यामुळे जानेवारीपासून २४ मार्चपर्यंतच्या इंग्रजी कागदांवर, आपल्या दृष्टीने, मागच्या वर्षाचा आकडा असतो. मूळ कागद पाहून सन लिहिणाऱ्यांनी हे डोळ्यांत तेल घालून पाहिले पाहिजे. पानिपतच्या वेळी हा प्रश्न मिटलेला होता. १४ जानेवारी १७६१ ही तारीख नव्या गणनेचीच आहे आणि तिच्यात दहा दिवसांची भर घालण्याचा उत्साह कोणी दाखवू नये.

पानिपतवरून आठवले म्हणून सांगतो, कारण या एका दिवशी फळ्यावर हमखास घोटाळा होतो. पानिपतची लढाई संक्रांतीच्या दिवशी झाली, असे सर्रास लिहिले जाते, कारण आज संक्रांत १४ किंवा १५ जानेवारीला येते. परंतु आपली संक्रांत निरयन, म्हणजे ताऱ्यांच्या संदर्भाने सूर्याचे स्थान मोजणाऱ्या, गणनेवर चालते आणि इंग्रजी तारखेच्या तुलनेत सुमारे ७२ वर्षांत एक दिवस पुढे सरकते. स्वामी विवेकानंदांचा जन्म १२ जानेवारी १८६३ रोजी झाला आणि त्यांच्या चरित्रांत तो दिवस मकर संक्रांतीचा होता, असे नमूद आहे. त्याच्याही शंभर वर्षे मागे गेल्यास संक्रांत आणखी आधीच्या तारखेला येते, म्हणजे १७६१ मध्ये ती १४ तारखेच्या तीन-चार दिवस आधीच होऊन गेलेली होती. लढाईच्या दिवशी पौष शुद्ध अष्टमी होती. ‘पानिपतच्या लढाईच्या दिवशी संक्रांत होती काय? कारणासह लिहा’ असा प्रश्न टाकून पाहा. मोबाइल त्याचे चुकीचे उत्तर देण्याची शक्यता अधिक आहे.

धम्मचक्र प्रवर्तनाबाबत म्हणाल, तर १९५६ मध्ये विजयादशमी आणि १४ ऑक्टोबर एकाच दिवशी आले होते. पुढे ते फारकत घेणारच होते. २०२३ मध्ये दसरा २४ ऑक्टोबरला होता, २०२५ मध्ये २ ऑक्टोबरला. नागपुरात तर १९२५ मध्ये संघाची स्थापना झाली तीही विजयादशमीलाच, पण त्या वर्षी तारीख २७ सप्टेंबर होती. जो दिवस लोक पाळतात त्या दिवशी तिथीचा प्रश्न आणि जी तारीख छापली जाते त्या दिवशी तारखेचा, असे दोन वेगळे प्रश्न विचारण्यास काय हरकत आहे?

अभ्यासिकेतला एक

मी स्पर्धा परीक्षेची तयारी करतो आणि अशाच एका फळ्यासमोरून रोज जातो. आम्हांला ज्या प्रश्नाचा कंटाळा येतो तो म्हणजे चार पर्यायांतले तीन उघडपणे खोटे असलेला. पर्याय द्यायचेच असतील, तर एकमेकांशी गल्लत होईल असे द्यावेत. २७ फेब्रुवारी आणि १ मे यांत मराठी भाषा गौरव दिन कोणता, हे आमच्यातल्या निम्म्या मुलांना खात्रीने सांगता येत नाही, कारण दोन्ही दिवशी शुभेच्छांचे संदेश सारखेच येतात. कुसुमाग्रजांचा जन्म २७ फेब्रुवारी १९१२ चा, हे एकदा सांगितले की गोंधळ संपतो.

निवृत्त शिक्षिका, रामदासपेठ

सीताबर्डीकर, तुमच्या पहिल्या अडचणीविषयी लिहिते, कारण दुसरीचे उत्तर पंचांगप्रेमींनी दिलेच आहे. माझ्या मते तारीख ही प्रश्नात असावी, उत्तरात नसावी. तारीख विचारली की स्मरणशक्तीची किंवा मोबाइलची परीक्षा होते. तारीख हाती देऊन तिच्या शेजारी काय होते हे विचारले, की विचार करावा लागतो.

माझ्या आवडीचे उदाहरण आपल्या गावचेच आहे. ‘१४ ऑक्टोबर १९५६ रोजी दीक्षाभूमीवर धम्मदीक्षेचा सोहळा झाला, त्या दिवशी नागपूर कोणत्या राज्यात होते?’ वर्गात हा प्रश्न विचारला की पहिल्या बाकापासून शेवटच्या बाकापर्यंत ‘महाराष्ट्र’ असे उत्तर येई. थोडा विचार करणारी मुले १ मे १९६० आठवून ‘मुंबई राज्य’ म्हणत. दोन्ही उत्तरे चूक आहेत. त्या दिवशी नागपूर जुन्या मध्य प्रदेशात होते, एवढेच नव्हे तर त्याची राजधानी होते. राज्य पुनर्रचना १ नोव्हेंबर १९५६ ला अमलात आली आणि त्या सोहळ्यानंतर अवघ्या अठरा दिवसांनी शहराची राजधानी गेली. विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात गेला आणि महाराष्ट्र तर त्यानंतर साडेतीन वर्षांनी आला. एका प्रश्नातून इतके निघते, आणि चिठ्ठी चुकलेला माणूस संध्याकाळी उत्तर वाचायला आवर्जून थांबतो.

१ जानेवारीचाही प्रश्न असाच करता येतो. जमशेटजी टाटांची नागपूरची कापडगिरणी १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झाली. कंपनीचे नाव सेंट्रल इंडिया स्पिनिंग, वीव्हिंग अँड मॅन्युफॅक्चरिंग असे लांबलचक होते, पण गिरणीला सगळे ओळखत ते दुसऱ्याच नावाने. ते नाव कोणते आणि त्याच दिवशी दिल्लीत काय घडत होते, एवढे विचारावे. व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर करणारा दरबार त्याच दिवशी भरला होता, म्हणून गिरणी ‘एम्प्रेस’ झाली. ज्यांच्या घरचे कोणी त्या गिरणीत कामाला होते, त्यांना पहिले उत्तर तोंडपाठ असते आणि दुसरे ठाऊक नसते.

कधी उत्तर डोळ्यांसमोर असते आणि तरी दिसत नाही. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीला पेशव्यांची, तर २१ डिसेंबर १८१७ रोजी महिदपूरला होळकरांची लढाई झाली. या दोहोंच्या मध्ये भोसल्यांची लढाई कोठे झाली? २६ नोव्हेंबरला संध्याकाळी सुरू होऊन दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत चाललेल्या त्या लढाईची सीताबर्डीची टेकडी बर्डीवर खरेदीला जाणाऱ्या प्रत्येकाच्या नजरेसमोर असते. तुमच्या टोपणनावामुळे तर हा प्रश्न तुम्ही टाळूच शकत नाही.

एकच तारीख दोन-तीन बाजूंनी बोलते, असे दिवस हेरून ठेवावेत. १ ऑगस्ट १९२० हा मला सर्वांत भरलेला दिवस वाटतो. मुंबईत लोकमान्य टिळक गेले, वाटेगावला अण्णा भाऊ साठे जन्मले आणि गांधीजींनी असहकार चळवळ सुरू केली ती त्याच दिवशी. पुढे डिसेंबरमध्ये नागपूरच्या काँग्रेस अधिवेशनात, विजयराघवाचार्यांच्या अध्यक्षतेखाली, असहकारावर शिक्कामोर्तब झाले. म्हणजे ऑगस्टमध्ये विचारलेल्या प्रश्नाचा दुसरा भाग डिसेंबरात विचारता येतो आणि जुन्या चिठ्ठ्या जपणाऱ्याला त्याचा लाभ होतो.

रेल्वे कॉलनी

शिक्षिकाबाईंचे बहुतेक पटले, पण सोप्या प्रश्नांना सरसकट हद्दपार करू नये, असे माझे मत आहे. फळ्यासमोर अभ्यासिकेतील मुलांखेरीज दूध पोचवणारा, रखवालदार आणि पाचवीतली मुलगीही थांबते. आठवड्यातून एक-दोन दिवस त्यांच्यासाठी असावेत. सोपा प्रश्नही काटेकोर असावा, इतकीच अपेक्षा आहे.

‘पहिला’ हा शब्द लिहिताना तर हात आखडावा. ‘भारतातील पहिली रेल्वे १६ एप्रिल १८५३ रोजी धावली’ असे लिहिले की जाणकार लगेच हरकत घेतो, कारण मद्रासजवळ रेड हिल्सला दगड वाहणारी रेल्वे १८३७ मध्येच होती. बोरीबंदर ते ठाणे हा प्रवास प्रवासी रेल्वेचा होता, तो शब्द घातला की वाक्य पक्के होते. तोच प्रकार ६ जानेवारीचा. तो दिवस पत्रकार दिन आहे, कारण ‘दर्पण’चा पहिला अंक ६ जानेवारी १८३२ ला निघाला. पुष्कळ ठिकाणी त्याच दिवशी बाळशास्त्री जांभेकरांची जयंतीही उरकून घेतात, पण त्यांचा जन्म २० फेब्रुवारी १८१२ चा आहे.

शिवाय दिवस कोठला, हेही पाहावे लागते. माणूस चंद्रावर उतरला ती तारीख २० जुलै १९६९ अशी छापतात, पण ती अमेरिकेतली. यान उतरले तेव्हा आपल्याकडे मध्यरात्र उलटून पावणेदोन वाजले होते, आणि आर्मस्ट्राँग यांनी पाऊल ठेवले तेव्हा नागपुरात सोमवार, २१ जुलैची सकाळ होती, साडेआठला चार मिनिटे कमी. मी हा प्रश्न २१ जुलैलाच लिहीन आणि ‘काल की आज?’ असे विचारीन.

सीताबर्डीकर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. तिथी आणि तारीख यांचे वेगळे प्रश्न विचारण्याची सूचना दोन्ही तटांपुढे ठेवली आणि विशेष म्हणजे दोन्हींनी मान्य केली. सोमवार आणि शनिवार सोप्या प्रश्नांसाठी राखून ठेवत आहे. उत्तराखाली विश्वकोशातील नोंद पाहून एक-दोन ओळी अधिकच्या लिहीन, म्हणजे चुकलेल्यांनाही काही मिळेल.

पुढल्या महिन्यासाठी पहिला मसुदा केला आहे, तो पारखून द्यावा. २८ सप्टेंबर, नागपूर करार. ‘२८ सप्टेंबर १९५३ रोजी झालेल्या करारामुळे आजही दर वर्षी नागपुरात कोणते हिवाळी कार्य पार पडते?’

निवृत्त शिक्षिका, रामदासपेठ

विषय उत्तम निवडला आहे, पण वाक्यात दोन सुधारणा कराव्यात. करारात विधिमंडळाचे दर वर्षी किमान एक अधिवेशन नागपुरात भरवण्याचे ठरले होते, ते हिवाळ्यातच भरावे असे त्यात नव्हते. तेव्हा प्रश्नातून ‘हिवाळी’ काढा आणि चिठ्ठीवर कोणी ‘हिवाळी अधिवेशन’ लिहिले तरी ग्राह्य धरा. दुसरे, ‘आजही दर वर्षी’ हे शब्द टिकणार नाहीत. करोनाच्या काळात २०२० आणि २०२१ ची हिवाळी अधिवेशने मुंबईतच उरकली गेली, आणि हे लक्षात असलेली मुले तुमच्या अभ्यासिकेत नक्की आहेत. मी असे लिहिले असते, ‘२८ सप्टेंबर १९५३ च्या करारात नागपूरला दर वर्षी काय देण्याचे वचन होते, आणि ते अलीकडे कोणत्या दोन वर्षी पाळले गेले नाही?’

रेल्वे कॉलनी

दुसऱ्या भागाला वेगळा गुण ठेवा. रखवालदाराला पहिला भाग येतो, अधिवेशनाच्या दिवसांत बंदोबस्तामुळे त्याचीच बस दर वेळी वळवली जाते.