अल्काराझ आणि सिनर यांच्या पाठोपाठ कोण? फोन्सेका, मेन्शिक आणि टिएन यांच्याविषयी

बॅकहँडप्रेमी (प्रश्न)

नमस्कार. 2024 आणि 2025 या दोन वर्षांतील पुरुष टेनिसमधील आठही ग्रँड स्लॅम विजेतेपदे कार्लोस अल्काराझ आणि यानिक सिनर यांनी चार-चार अशी वाटून घेतली. फेडरर, नदाल आणि जोकोविच ही तीन नावे वाचण्यात आपली वीस वर्षे गेली, आणि ती मक्तेदारी संपते न संपते तोच दुसरी सुरू झाली, असे मला वाटू लागले आहे.

या दोघांपेक्षाही लहान असलेल्या खेळाडूंपैकी कोणाकडून खरोखर अपेक्षा ठेवावी? माझ्या डोळ्यांसमोर तिघे आहेत. ब्राझीलच्या जोआओ फोन्सेकाने 2025 च्या ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये पात्रता फेरीतून येऊन नवव्या मानांकित रुब्लेवला सरळ सेटमध्ये (एकही सेट न गमावता) हरवले, पुढच्याच महिन्यात ब्युनोस आयर्सची आणि ऑक्टोबरमध्ये बासेलची स्पर्धा जिंकली. चेक प्रजासत्ताकाच्या याकुब मेन्शिकने त्याच वर्षी मायामीच्या अंतिम सामन्यात दोन्ही सेट टायब्रेकमध्ये (6-6 अशा बरोबरीनंतरच्या निर्णायक गेममध्ये) घेऊन जोकोविचचे शंभरावे विजेतेपद लांबणीवर टाकले. अमेरिकेच्या लर्नर टिएनने मेलबर्नमध्ये, म्हणजे त्याच ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये, पहाटे तीनच्या सुमारास संपलेल्या पाच सेटच्या सामन्यात मेदवेदेवला घरी पाठवले.

अशा एखाद्या सनसनाटी विजयावरून खेळाडू किती पुढे जाईल हे ओळखता येते का? येत नसेल, तर नेमके काय पाहावे?

दुसरी सर्व्हिस

एका विजयावरून फारच थोडे कळते. चुंग ह्येऑन आठवून पाहा. 21 वर्षांपर्यंतच्या खेळाडूंची जी वर्षअखेरची स्पर्धा 2017 मध्ये मिलानला सुरू झाली, तिचा पहिला विजेता हा कोरियन खेळाडू होता. दोनच महिन्यांनी त्याने ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये जोकोविचला सरळ सेटमध्ये हरवले आणि उपांत्य फेरी गाठली. तिथे पायाला आलेल्या फोडांमुळे फेडररविरुद्ध त्याला सामना अर्धवट सोडावा लागला, पुढे पाठीच्या दुखण्याने त्याला गाठले, आणि ग्रँड स्लॅमच्या उपांत्य फेरीत तो पुन्हा कधी दिसला नाही. याच स्पर्धेचे पुढचे विजेते त्सित्सिपास, सिनर, अल्काराझ, नाकाशिमा, मेजेदोविच, फोन्सेका आणि टिएन असे आहेत. यातले दोघे जगात पहिले झाले हे खरे, पण नाकाशिमा आणि मेजेदोविच यांची नावे किती जणांना चटकन आठवतील? यादी फसवी नाही, पण ती भविष्यही सांगत नाही.

मी स्वतः पाहतो ती दुसरी सर्व्हिस, म्हणजे पहिली चुकल्यावर मिळणारी शेवटची संधी. (टोपणनावावरून ते लक्षात आलेच असेल.) टायब्रेकमध्ये 4-5 अशी पिछाडी असताना पहिली सर्व्हिस जाळ्यात गेली की पुढचे दहा सेकंद नीट पाहावेत. खेळाडू चेंडू नेहमीपेक्षा जास्त वेळा आपटतो का, हवेत उडवलेला चेंडू रोजच्या उंचीवर जातो की थोडा खालीच राहतो, आणि रॅकेट तेवढ्याच वेगाने फिरते की हात आखडतो, यावरून त्याची तयारी पुष्कळ कळते. जोरकस पहिली सर्व्हिस बहुतेक उंच मुलांकडे असते; ती चुकल्यावर निर्भयपणे खेळणारे मात्र थोडे असतात. मायामीत जोकोविचसमोर टिकलेला मेन्शिक माझ्या मते या कसोटीला तिघांत सर्वांत चांगला उतरतो.

फोन्सेकाचा फोरहँड पाहताना माणूस हरखून जातो, यात शंका नाही. परंतु कोपऱ्यात सापडल्यावर एक संथ, उंच चेंडू टाकून स्वतःला सावरायला वेळ घ्यावा, ही सवय त्याच्या अंगी अजून बाणलेली नाही. तिथेही तो विजयी फटकाच शोधतो. रुब्लेवला हरवल्यानंतर पुढच्याच फेरीत तो सोनेगोकडून पाच सेटमध्ये हरला, त्या सामन्यात हे दिसले होते. अर्थात तेव्हा त्याचे वय अठरा होते, आणि वर्षाच्या सुरुवातीला पहिल्या शंभराच्या बाहेर असलेला हा मुलगा वर्षअखेरीस पहिल्या तिसांत आला, हेही विसरता कामा नये.

मातीचे कोर्ट

वरील विवेचन पटले, पण त्यात शरीराचा विचार निसटता आला आहे. माझ्या मते तरुण खेळाडूचे भवितव्य सर्व्हिसपेक्षा त्याच्या गुडघ्यांवर आणि कमरेवर ठरते.

मेन्शिकचीच मायामीची गोष्ट घ्या. पहिल्या सामन्याआधी त्याचा गुडघा इतका दुखत होता की तो स्पर्धेतून माघार घ्यायला निघाला होता. तो गेला तेव्हा स्पर्धेचे रेफरी जेवायला गेले होते. त्या वेळात उपचार झाले, आणि तो कसाबसा कोर्टवर उतरला. दोन आठवड्यांनी करंडक त्याच्या हातात होता. ही कथा सगळे कौतुकाने सांगतात, मला मात्र तिच्यातला एकोणीस वर्षांचा दुखरा गुडघा जास्त अस्वस्थ करतो. फ्रान्सच्या आर्थर फिसने 2025 च्या फ्रेंच ओपनमध्ये दुसऱ्या फेरीचा पाच सेटचा सामना जिंकला आणि पाठीच्या दुखापतीमुळे तिसऱ्या फेरीआधी नाव मागे घेतले. होल्गर रूनच्या घोट्यामागचा स्नायुबंध ऑक्टोबरमध्ये स्टॉकहोमला भर सामन्यात तुटला. डॉमिनिक थीमला मनगटाच्या दुखापतीने जे घेरले, त्यातून तो शेवटपर्यंत पूर्वीसारखा बाहेर आलाच नाही.

थीमच्या नावावरून आणखी एक गोष्ट सांगतो. 1990 ते 1999 या दहा वर्षांत जन्मलेल्या पुरुषांपैकी ग्रँड स्लॅम एकेरी जिंकणारे दोघेच आहेत: थीम आणि मेदवेदेव. राओनिच, दिमित्रोव्ह यांच्यात गुणवत्ता नव्हती असे कोण म्हणेल? त्यांच्या वाटेत कोण उभे होते, हा खरा मुद्दा आहे. 2025 च्या अखेरीस अल्काराझ 22 वर्षांचा आणि सिनर 24 वर्षांचा होता, म्हणजे फोन्सेकाच्या पिढीसमोरची भिंत वयाने त्यांच्या जवळपासचीच आहे. ती म्हातारी होण्याची वाट पाहण्याची सोय त्यांना नाही.

तरीही वाव्रिंकाचे उदाहरण मी कायम पुढे ठेवतो. पहिले ग्रँड स्लॅम जिंकले तेव्हा तो 28 वर्षांचा होता, आणि त्याच कठीण काळात त्याने एकूण तीन जिंकली.

बालेवाडीची पायरी

आपण सगळे वरच्या मजल्याविषयी बोलत आहोत. मी पुण्यात राहतो, आणि बालेवाडीत 2018 पासून 2023 पर्यंत जी एटीपी (पुरुष व्यावसायिक टेनिसची संघटना) 250 दर्जाची स्पर्धा होत असे ती, आणि ती गेल्यानंतर त्याखालच्या चॅलेंजर दर्जाचे सामने, असे दोन्ही पाहिले आहेत. म्हणून जिन्याविषयी थोडे लिहितो.

चॅलेंजरच्या वेळी बाजूच्या कोर्टवर अगदी जाळीला नाक लावून सामना पाहता येतो. विशीतला एक परदेशी खेळाडू पहिल्या फेरीत हरला आणि तिथेच बाकावर बसून रॅकेटच्या मुठीवरची घामाने भिजलेली पट्टी सोडवून नवी गुंडाळू लागला. सोबत प्रशिक्षक नव्हता, फिजिओ नव्हता. मग त्याने फोन काढला आणि बराच वेळ विमानाची तिकिटे पाहत बसला. सर्वांत खालच्या स्तरावरची स्पर्धा जिंकली तर क्रमवारीचे 15 गुण मिळतात, ग्रँड स्लॅमला 2000. आणि ग्रँड स्लॅमच्या 128 जागांपैकी क्रमवारीवर थेट मिळणाऱ्या जागा 104 असतात. त्या 104 मध्ये येईपर्यंत बहुतेकांची झोळी रिकामीच असते. एटीपीने 2023 मध्ये पहिल्या 250 खेळाडूंसाठी किमान उत्पन्नाची हमी जाहीर केली (पहिल्या शंभरांना वर्षाला 3 लाख डॉलर), ते चांगलेच झाले, पण 251 वा खेळाडू तिथे बाकावरच राहिला.

पुण्याचा मानस धामणे याच जिन्यावर आहे. जानेवारी 2023 मध्ये, नुकतीच पंधरा वर्षे पूर्ण झालेली असताना, बालेवाडीत वाइल्ड कार्डवर (आयोजकांनी दिलेल्या थेट प्रवेशावर) तो मुख्य फेरीत अमेरिकेच्या मायकेल मो याच्याविरुद्ध खेळला आणि हरला. त्याचे प्रशिक्षण इटलीत बोर्दिगेरा येथे रिकार्दो पियात्ती यांच्या अकादमीत झाले. सिनरही किशोरवयात तिथेच घडला. त्यामुळे आपल्याकडे लगेच तुलना सुरू झाली, ती मला अन्यायाची वाटते. एकाच तालमीत उतरलेले सगळेच हिंदकेसरी होत नाहीत, आणि पंधराव्या वर्षी कोणाच्या नावापुढे काय लिहावे याची घाई त्या मुलाला नसून आपल्याला असते.

बॅकहँडप्रेमी

सर्वांचे आभार. शरीराचा मुद्दा माझ्या ध्यानात आला नव्हता, हे कबूल करतो. मात्र टिएनविषयी कोणीच फारसे लिहिले नाही. त्याची सर्व्हिस या तिघांत सर्वांत साधी दिसते. मग ‘दुसरी सर्व्हिस’ यांच्या कसोटीप्रमाणे तो बादच समजायचा का?

दुसरी सर्व्हिस

नाही, आणि त्याचा विचार करताना माझी कसोटी अपुरी पडते हे मान्य करावे लागेल. टिएन डावखुरा आहे. त्याची वळणारी सर्व्हिस डाव्या चौकोनात पडून उजव्या हाताने खेळणाऱ्याला बॅकहँडच्या बाजूने कोर्टबाहेर खेचते, आणि 40-30, 30-40, ॲडव्हांटेज असे गेम ठरवणारे गुण त्याच बाजूने खेळले जातात. शिवाय तो चेंडू लवकर, उसळी घेतानाच मारतो, त्यामुळे समोरच्याच्या वेगावरच त्याचे काम भागते. 2025 मध्ये तो बीजिंगच्या अंतिम फेरीत सिनरकडून हरला आणि मेट्सची स्पर्धा जिंकला. आता मायकेल चँग त्याचे प्रशिक्षक आहेत, ज्यांनी स्वतः सतराव्या वर्षी फ्रेंच ओपन जिंकले होते आणि ज्यांची सर्व्हिसही कधी कोणाला धडकी भरवणारी नव्हती.

मेन्शिकविषयी एक राहिले. क्रमवारीतले गुण 52 आठवड्यांनी गळतात, म्हणजे मायामीचे 1000 गुण मार्च 2026 पर्यंतच त्याच्या खात्यात. सामन्याआधी त्या गुडघ्यावर पट्टी दिसते का, तेवढे ‘मातीचे कोर्ट’ यांनी पाहून इथे कळवावे.