'जिद्द असली की जमतंच' हे ऊसतोडीच्या पोरांना कुठल्या तोंडाने सांगायचं?

माळावरची शाळा:
दहावीच्या सत्काराला आलेले पाहुणे बोलून गेले, "परिस्थिती कुणाला अडवत नाही, जिद्द कमी पडते." समोर बसलेल्या निम्म्या पोरांचे आईबाप कोयत्यावर जाणारे. बीड जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर मला चौदा वर्षं झाली, म्हणून ते वाक्य फार लागलं.

दसरा झाला की ऊसतोडीला मजूर नेणाऱ्या मुकादमाच्या गाड्या लागतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, आधीच घेतलेली असते आणि ती दुखण्यात नाहीतर लग्नात संपलेलीही असते. सांभाळायला आजी नसेल तर पोरंही गाडीत चढतात, ती पाडव्याच्या सुमाराला परत येतात. माझ्या वर्गातली एक मुलगी चौथीपर्यंत अशी चार वेळा गेली. परवा तिला विचारलं, वाढ्याच्या (उसाच्या हिरव्या शेंड्यांच्या) इतक्या पेंढ्या विकल्या, इतके पैसे आले, गिऱ्हाइकाला परत किती द्यायचे? तिने पेन्सिल न उचलता बरोबर सांगितलं. तेच गणित पाटीवर मांडून दिलं तर हातच्याशी अडली, पाटी पालथी घातली आणि खाली बघत बसली.

आता दोन-तीन वर्षांत तिच्या लग्नाचं बोलणं सुरू होईल, कारण उचल जोडीला मिळते. तिची जन्माची कमाई किती, हे दहावीच्या निकालाच्या कितीतरी आधी, त्या चौथीच्या हिवाळ्यात ठरतंय. मग जिद्दीचं भाषण तिला कशाला?

कोयत्याचं पोर:
सर, मी तुमच्याच भागातला. कोपीत, म्हणजे तोडीवरच्या झोपडीत वाढलो, आज नाशिकला बँकेत आहे. तुम्ही म्हणता ते सगळं मी भोगलंय, तरी मला हे पटत नाही. माझ्या गुरुजींनी हेच गणित मला ऐकवलं असतं तर मी सातवीतच कोयता धरला असता. 'तुझं आधीच ठरलंय' हे पोराला कळायला शब्द लागत नाहीत, मास्तरांच्या नजरेतून कळतं.

आणखी एक, जरा कडू आहे. आमच्या वस्तीवर दोन सख्खे भाऊ होते. रान सारखं, उचल सारखी. एकाने पोरं मागे ठेवली, दुसऱ्याने नेली. परिस्थिती एकच होती ना? मला वडिलांनी चुलतीकडे ठेवलं, म्हणून मी इथे आहे.

माळावरची शाळा:
चुलती होती. माझ्या मुलीला नाही. चुलती हीसुद्धा परिस्थितीच की हो.

कोयत्याचं पोर:
चुलती आयती तयार नव्हती. आईने तिचे पाय धरले, वर्षाची ज्वारी तिच्या घरात टाकली आणि स्वतः मीठ-भाकरीवर हंगाम काढला. याला परिस्थिती म्हणालात तर माझ्या आईने काय केलं ते पुसून जातं. ते मी पुसू देणार नाही.

आकडेमोड:
आईच्या वाट्यावरून एक सांगतो. जमैकात किंग्स्टनच्या गरीब वस्त्यांमधली 129 खुरटलेली मुलं घेऊन 1986-87 मध्ये एक प्रयोग सुरू झाला. मुलांचं वय 9 ते 24 महिने. त्यातल्या काहींच्या घरी आरोग्यसेविका आठवड्यातून एकदा, तासभर जात होत्या, अशी दोन वर्षं. घरातल्याच टाकाऊ वस्तूंची खेळणी, चित्रं, आणि आईला एवढंच शिकवणं की लेकराशी बोल, ते काय म्हणतं ते ऐक. तीच मुलं 22 वर्षांची झाल्यावर बघितलं, तर भेटी न मिळालेल्या तशाच मुलांपेक्षा त्यांची कमाई 25 टक्क्यांनी जास्त होती. नुसता पूरक आहार मिळालेल्यांत असा फरक टिकला नाही.

अमेरिकेतही 1990 च्या दशकात पाच शहरांतल्या गरीब कुटुंबांना सोडत काढून बऱ्या वस्तीत घर घ्यायला मदत दिली. तेरा वर्षांच्या आत तिथे गेलेली मुलं पंचविशीच्या आसपास सुमारे 31 टक्के जास्त कमावत होती. मोठेपणी गेलेल्यांना तो फायदा झाला नाही. म्हणजे परिस्थिती बांधते हे खरं, आणि लहानपणीच हात घातला तर ती सुटते हेही खरं.

अंगणवाडीताई:
भाऊ, वाचून बरं वाटलं. पण मी कारखान्याच्या पट्ट्यात काम करते, सांगलीकडे. टोळीची बाई पहाटे चारला फडात जाते, गाडी भरून कोपीवर येते तेव्हा अंधार पडलेला असतो. मी खेळणी घेऊन गेले तर दारात सात वर्षांची बहीण असते, कडेवर तान्हं. आई दिवसाउजेडी कोपीत दिसेल असं काहीतरी करा, मग आठवड्याला काय, रोज जाईन मी.

करदाता, पुणे:
वसतिगृहं आहेत, योजना आहेत, पुस्तकं फुकट आहेत. लग्नात दोन दिवस मांडव घालायला उचल घेतली जाते, त्याबद्दल कुणी बोलत नाही. आईबापांची जबाबदारी शून्य धरून चालणार नाही. मूल त्यांचं आहे.

सातारकर:
जबाबदारी आहेच. पण शाहू महाराजांनी 1901 पासून कोल्हापुरात बोर्डिंगं उभी केली, तेव्हा आईबापांना उपदेश करत बसले नाहीत. खेड्यातल्या पोराला शहरात छप्पर नाही, तर छप्पर दिलं. अशाच एका बोर्डिंगात राहिलेल्या भाऊराव पाटलांनी 1919 मध्ये रयत शिक्षण संस्था काढली, पुढे साताऱ्यात सगळ्या जातींची पोरं एका पंगतीला बसवली. जिद्द त्या पोरांकडे होती, पण भाकरी आणि अंथरूण आधी मिळालं. आमचे आजोबा त्या पंगतीतले, म्हणून हे पोटतिडकीने लिहितोय.

पहिली पिढी:
नाशिकच्या दादांना एक विचारते. पदवी मिळाली, पुढे? माझी आणि मैत्रिणीची पदवी एकच, गुण माझे जास्त. तिच्या वडिलांनी सांगितलं, "पहिली नोकरी सोड, सहा महिने थांब, चांगली मिळेल." माझ्या वडिलांच्या अंगावर मुकादमाची बाकी होती. मी मिळाली ती धरली, पहिले अकरा पगार तिकडे गेले. आज दोघींच्या पगारात दुपटीचा फरक आहे. मी कुठे कमी पडले?

कोयत्याचं पोर:
ताई, तुम्ही कुठेच कमी पडला नाहीत. माझंही तसंच झालं. क्लार्कची जागा पहिली आली ती घेतली, अधिकाऱ्याच्या परीक्षेला बसायचं राहूनच गेलं. हे मी आजवर कुणाला बोललो नव्हतो.

तरीही सर, पोरांना 'जमतं' हे सांगायचं मी सोडणार नाही. पण करदाता म्हणतात ती गोष्ट बाहेरच्याने सांगितली तर आमच्या लोकांना शिवी वाटते, माझ्यासारख्याने सांगितली तर ऐकतील. हंगामी वसतिगृहात नावं घालायला मी यंदा वस्तीवर येतो. कधी येऊ?

माळावरची शाळा:
वसतिगृहाची मंजुरी यायला दिवाळी उलटते, तोवर निम्मी पोरं गेलेली असतात. त्यामुळे मधले पंधरा-वीस दिवस पोरं कुणाच्या घरी जेवतील, तेच आधी ठरवावं लागेल. घटस्थापनेच्या आत या. नंतर मुकादमाचे हिशेब झालेले असतात.

कोयत्याचं पोर:
येतो. चुलतीला सोबत आणतो. बायांशी तीच बोलेल.